गंगापूर रोडचं लिव्हर पॅकेज: मशीन झकास, फॉर्म अर्धवट

सेंटरचं नाव टाकत नाही. एकतर भांडण नकोय, आणि दुसरं म्हणजे जी तक्रार आहे ती या एकट्या सेंटरची नाहीच, मी नंतर तीन-चार ठिकाणच्या असल्याच पॅकेजचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवून बघितले तर सगळीकडे तीच यादी, नुसता लोगो वेगळा. नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला आहे एवढं पुरे. लिव्हर तपासणीच्या पॅकेजची मूळ किंमत ४९९९ आणि ऑफर ३४९९, म्हणजे ऑफर कायमचीच असणार हे आपल्याला कळतं पण तरी आपण भरतो.

गेलो कशाला ते आधी. आमच्या कंपनीत, सातपूर एमआयडीसीत, वार्षिक मेडिकल झालं त्यात माझं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ७२ म्हणजे जास्त आलं आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन. कँटीनला बसलो तर टेबलावरच्या सात जणांपैकी चौघांना तेच, एकजण तर म्हणाला अरे ग्रेड वन म्हणजे काहीच नाही, ते आधारकार्डासारखं आहे आता, प्रत्येकाकडे असतं. हसलो सगळे. पण माझ्या डोक्यात तात्या.

तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. दिंडोरी तालुक्यात आमचं गाव, तात्या माळकरी, आयुष्यात दारूचा थेंब नाही, चहासुद्धा एक वेळ. २००९ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरने गेले. आधी वजन उतरलं, मग डोळे पिवळे, तर गावात एकाकडे कावीळ उतरवायला नेलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, हाताला चुना लावून परातीत हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं आणि सगळे म्हणतात बघा उतरली. चुन्याचं पाणी पिवळं झालं आणि तात्यांच्या पोटात पाणी झालं. मग नाशिक, मग मुंबई, आणि मुंबईहून पंधरा दिवसांत परत. फाईलमध्ये एका ओळीत लिहिलेलं होतं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी, लिव्हरला लागणारा आणि पुढे कॅन्सर करू शकणारा व्हायरस. ती ओळ आम्ही कुणीच नीट वाचली नाही, डॉक्टरांनी सांगितलंही असेल, पण त्या गडबडीत कोण ऐकतंय. आणि तेराव्यालाच भावकीत कुजबुज, माळ घालून लपून घेत असतील, नाहीतर लिव्हर कसं जाईल. काकूने ते ऐकलं होतं. अजून बोलून दाखवते.

तर आता रिव्ह्यू.

बुकिंग व्हॉट्सॲपवरून, दोन मिनिटांत. शनिवारी सकाळी साडेसातची वेळ दिली आणि साडेसातला शटर उघडंच होतं, याला पूर्ण मार्क, कारण नाशिकमध्ये साडेसात म्हणजे आठ वीस हे आपल्या अंगवळणी पडलंय. रक्त घेणारा मुलगा एकदम हलक्या हाताचा. फायब्रोस्कॅनच्या आधी तीन तास पोट रिकामं लागतं हे त्यांनी आदल्या रात्री मेसेज करून कळवलं होतं, तेही चांगलं.

फायब्रोस्कॅन हा या पॅकेजचा हिरो आहे आणि खरोखर बघण्यासारखा प्रकार आहे. उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांच्या मधल्या फटीत थंडगार जेल, आणि त्या ताईंनी एक जाड पेनसारखी दांडी टेकवून बटण दाबलं की आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं वाटतं. दुखत नाही, पण दचकायला होतं. टिचकीची लाट लिव्हरमधून किती वेगात जाते ते मशीन मोजतं, लिव्हर जितकं कडक तितकी लाट जोरात पळते, साधं आहे, पिकलेल्या आणि कच्च्या पपईवर टकटक करून बघतो तसंच. निदान दहा चांगली रीडिंग लागतात. माझी चौदा घेतली, चार त्यांनी स्वतःहून टाकून दिली, म्हणाल्या सर तुम्ही हसलात. मला कडकपणा ६.१ किलोपास्कल आला म्हणजे लिव्हर अजून मऊ आहे, आणि चरबीचा आकडा, ज्याला कॅप म्हणतात, तो २९८ म्हणजे चरबी भरपूर. मी विचारलं ताई म्हणजे काय, तर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून शांतपणे समजावलं, गिऱ्हाईक रांगेत उभं असताना. या ताईंसाठी एक अख्खा स्टार.

आता फॉर्म. काउंटरवर एक पानी फॉर्म भरायला देतात. नाव, वय, उंची, वजन, शुगर आहे का, बीपी आहे का, आणि दारू: हो, नाही, कधीकधी. संपला. घरात कुणाला लिव्हरचा आजार होता का, नाही. कधी रक्त चढवलंय का, नाही. हिपॅटायटिसची लस घेतलीय का, नाही. म्हणजे जो प्रश्न विचारला असता तर तात्यांचं नाव निघालं असतं तो प्रश्नच नाही. मी दारूपुढे नाही वर टिक केली, तर आत डाएटिशियन मॅडमनी परत विचारलं, सर थोडीशीपण नाही? वीकेंडला? नाशिकचे असून? मला एकदम तात्यांचा तेरावा आठवला.

आणि पॅकेजच्या यादीत बघतो तर लिव्हर फंक्शन, सीबीसी (रक्तपेशी आणि प्लेटलेट), लिपिड, शुगर, सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन आणि ठळक अक्षरात 'कॅन्सर मार्कर एएफपी'. हिपॅटायटिस बी आणि सीची टेस्ट नाहीच. काउंटरवरच्या मुलाला म्हणलं एचबीएसएजी का नाही यात, तर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, सर ते ऑपरेशनच्या आधी करतात, तुमचं काही ऑपरेशन आहे का? त्याचा दोष नाही, त्याने तेच पाहिलंय. वेगळे साडेचारशे भरून मी ती टेस्ट आणि सीचीपण घेतली.

हे एवढं का टोचलं ते सांगायला जरा लांब जावं लागेल, कंटाळा आला तर सरळ शेवटी उडी मारा.

घरी आल्यावर दोन-तीन रविवार मी हेच वाचत बसलो, मिसळीला गेलो नाही यावरून बायकोने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. लिव्हरच्या कॅन्सरची गंमत अशी, गंमत म्हणजे वाईट अर्थाने, की तो देशागणिक आणि पिढीगणिक वेगळ्या कारणाने होतो, आणि कारण घडतं एका काळात, कॅन्सर दिसतो वीस-तीस-चाळीस वर्षांनी. म्हणजे आज जे पेशंट दिसतात ते आजच्या सवयींचे नाहीत, ते जुन्या सुयांचे, जुन्या रक्ताचे, जुन्या धान्याचे आहेत. जगभराचा हिशोब ग्लोबोकॅन ठेवतं, त्यात २०२२ साली ८ लाख ६५ हजारांच्या आसपास नवे पेशंट आणि साधारण ७ लाख ५८ हजार मृत्यू. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. इतके जवळजवळ आकडे म्हणजे सापडेपर्यंत उशीर झालेला असतो, आमचा झाला तसाच. आणि या पेशंटपैकी शंभरातले चाळीसहून जास्त एकट्या चीनमध्ये.

चीनमध्ये का, तर हिपॅटायटिस बी, आणि त्यात भर बुरशी लागलेल्या मक्याची. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते आणि बी व्हायरस एकत्र आले की धोक्याची बेरीज नाही, गुणाकार होतो. चिदोंग नावाच्या भागात लोक मका खायचे, १९८० च्या दशकात हळूहळू तांदळावर आले आणि पुढे तिथले लिव्हर कॅन्सरचे मृत्यू उतरले, तेही लस घेतलेली पोरं मोठी व्हायच्या आत. नुसतं धान्य बदललं. आपल्याकडे हे विष नाही असं समजू नका, १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन आदिवासी वस्त्यांमध्ये लिव्हरची साथ आली होती, शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांना कॅन्सर व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही. हे वाचल्यावर मी आईचा शेंगदाण्याचा डबा उघडला. पावसाळ्यात कुबट वास येणारे, काळपट पडलेले दाणे ती वेगळे काढून भाजून कुटात ढकलते, कारण टाकवत नाही. भाजून ते विष पूर्ण जात नाही. आता ते दाणे बाहेर जातात, आणि आई मला ऐकू जाईल असं पुटपुटते की किलोचा भाव तुला माहितीये का.

तैवानची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. जुलै १९८४ पासून त्यांनी बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली, आणि दहा-बारा वर्षांत ६ ते १४ वयाच्या पोरांमधला लिव्हर कॅन्सर लाखाला ०.७० वरून ०.३६ वर आला. निम्मा! कॅन्सर अडवणारी लस असं आपण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एचपीव्ही लसीबद्दल आत्ता ऐकतोय, पण पहिली ही. ज्या बरूच ब्लमबर्ग यांनी हा व्हायरस शोधला त्यांना १९७६ ला नोबेल मिळालं, आणि त्यांच्याच वाढदिवसाला, २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिन असतो.

आपल्याकडे ही लस कशी आली तेही बघा. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस काढली तोपर्यंत ती परदेशी लस आपल्यासारख्यांच्या खिशात बसणारी नव्हती. त्यानंतर गल्लोगल्ली शिबिरं झाली आठवतंय का, मंडळाच्या मंडपात, शाळेत, तीन डोसचं कार्ड मिळायचं. मी दोन घेतले, तिसऱ्याच्या वेळी क्रिकेटची मॅच होती. सरकारी लसीकरणात ती २००२ नंतर काही ठिकाणी सुरू झाली आणि देशभर पोचली २०११-१२ च्या सुमारास. म्हणजे देशभर सरकारी लस मिळालेली पहिली पोरं आत्ता कुठे मिसरूड फुटायच्या वयात आहेत. त्यांचा फायदा देशाच्या आकड्यांत दिसायला अजून दोन-तीन दशकं जातील, तोपर्यंत तात्यांची पिढी आणि माझी पिढी हिशोबात राहणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना सी होता. बहुतेकांना माहीतच नाही. काही दुखत नाही ना.

आता सुईचं. आमच्या गावात आठवड्याच्या बाजाराला एक कंपाउंडर यायचे, त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. स्टोव्हवर ॲल्युमिनियमच्या डबीत काचेची सिरिंज उकळायची, निदान सुरुवातीला उकळायची, मग रांग वाढली की नुसतं स्पिरिटच्या कापसाने पुसून पुढच्याला. आणि आपल्या लोकांना गोळीने बरं वाटत नाही, सुई मारली तरच पैसे वसूल. तात्यांना तिथूनच झाला असेल असं मी म्हणणार नाही, आजीकडून जन्मतःच आला असेल, जन्मतःच लागला तर दहापैकी नऊ जणांत तो कायमचा मुक्काम करतो आणि मोठेपणी लागला तर शंभरात पाचपेक्षा कमी जणांत. आजी केव्हाच गेली, विचारायची सोय नाही. पण सुईची गोष्ट फक्त आमच्या गावची नाही. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं सरकारनेच बिलहार्झियाच्या जंतांवर इंजेक्शनची मोहीम चालवली, सुया त्याच त्याच, आणि त्यातून अख्ख्या देशात हिपॅटायटिस सी पसरला, जगात सगळ्यात जास्त. चांगल्या हेतूने बरं का. मग त्याच देशाने २०१८-१९ मध्ये पाच कोटींच्या आसपास लोकांची तपासणी करून औषधं वाटली. आणि तात्या गेले त्याच २००९ साली गुजरातमध्ये मोडासाला वापरलेल्या सिरिंज परत वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली होती, पेपरात वाचल्याचं मला आठवतंय, वाचून पान उलटलं हेही आठवतंय.

रक्ताचंही तसंच. सी व्हायरस सापडलाच मुळी १९८९ ला, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधी रक्त चढवलं असेल, बाळंतपणात, ॲक्सिडेंटला, तर एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातात चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला आणि लिव्हरचा पाऊण भाग गेला हे ते स्वतः जाहीर सांगतात. त्यांना ते कळलं कितीतरी वर्षांनी. त्यांच्याकडे डॉक्टरांची काय कमी होती, तरी.

सीचं आता औषध आहे, बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या आणि शंभरातले पंच्याण्णव बरे. २०१३ ला अमेरिकेत ते औषध आलं तेव्हा एका गोळीला हजार डॉलर, मग २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी त्याचं स्वस्त रूप काढलं. बी पूर्ण जात नाही पण रोजच्या एका गोळीने दाबून ठेवता येतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे, त्यात दोन्हीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट. हे मला पॅकेजच्या पत्रकात कुठे दिसलं नाही, अर्थात दिसेल कशाला.

आणि मग माझी पिढी. आम्हाला सुया डिस्पोजेबल मिळाल्या, रक्त तपासलेलं मिळालं, आणि आम्ही पोट वाढवलं. फॅटी लिव्हर, शुगर, दारू ही कारणं आता वर चाललीयत, अमेरिकेत तर १९८० नंतर लिव्हर कॅन्सरचा दर जवळपास तिप्पट झाला, त्यात आधी सी व्हायरस होता आणि आता वजन आणि शुगर. जपानमध्ये उलटं, तिथे सी व्हायरसवाली पिढी म्हातारी होऊन संपत चालली तसा दर उतरला आणि जे नवे पेशंट येतात त्यात व्हायरस नसलेले वाढले. आपल्याकडे अजून दोन्ही गाड्या एकाच फलाटावर उभ्या आहेत. २०२१ मध्ये सरकारने फॅटी लिव्हर राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात घेतला म्हणजे कुणाच्या तरी लक्षात आलंय. शुगर असली की लिव्हर कॅन्सरचा धोका दुपटीच्या आसपास जातो, आणि फॅटी लिव्हरवाला जाडाच असतो असंही नाही, आमच्या टेबलावरचा चौथा काडी पैलवान आहे. वाईन कॅपिटलमध्ये राहतो म्हणून एक सांगतो, वाईन द्राक्षाची असते म्हणून लिव्हर तिला फळ समजत नाही.

एक गोष्ट मलाच नीट कळायला वेळ लागला. बातमीत येतं लिव्हर कॅन्सरचे पेशंट वाढले. आता कुंभमेळ्याला गोदाघाटावर हरवणारी माणसं जास्त असतात म्हणून नाशिककर विसरभोळे झाले असं आपण म्हणतो का? गर्दीच वाढलेली असते. तसं लोकसंख्या वाढली, म्हातारी माणसं वाढली की पेशंटचा आकडा वाढणारच, म्हणून लाखामागे दर काढतात आणि तोही वयाचा फरक काढून टाकून. जगात काही देशांत असा दर खाली येतोय आणि पेशंटचा आकडा मात्र वर जातोय, दोन्ही खरं. आणि मोजायला आधी मोजणारा पाहिजे ना. आपल्याकडे मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून, राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ च्या शेवटी सुरू झाला, आणि खेड्यातली पहिली नोंदणी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये. बार्शी! मला भगवंताचं मंदिर तेवढं माहीत होतं. तरी देशाचा मोठा भाग अजून नोंदणीच्या बाहेरच आहे. अरुणाचलच्या पापुमपारेसारख्या जिल्ह्यात लिव्हर कॅन्सर देशात सगळ्यात जास्त दिसतो, आपल्या भागापेक्षा कितीतरी पट. म्हणून 'भारताचा दर कमी आहे' हे वाक्य ऐकलं की मी आता विचारतो, कुठल्या भारताचा.

बरं, परत सेंटरला.

आता एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रोटीन. रिपोर्टमध्ये माझं नॉर्मल आलं आणि खाली हिरव्या अक्षरात छापलं, कॅन्सर रिस्क लो. हे मला आवडलं नाही. आमच्या ओळखीच्या फिजिशियन डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर ते म्हणाले सुरुवातीच्या कितीतरी कॅन्सरमध्ये एएफपी नॉर्मलच असतं आणि उगाच वाढलेलं दिसतं ते साध्या लिव्हरच्या सुजेतसुद्धा. ज्यांना सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालंय, किंवा बी व्हायरस आहे आणि डॉक्टर सांगतील त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, सोबत एएफपी. धडधाकट माणसाला ते लावून हिरवा शिक्का मारणं म्हणजे परातीतलं पिवळं पाणी दाखवण्यासारखंच झालं, असं मी म्हणतो, डॉक्टर म्हणाले नाहीत. उलट त्यांनी त्याच रिपोर्टमधल्या दोन एन्झाइम आणि प्लेटलेट घेऊन, माझं वय टाकून, मोबाईलवर फिब-४ नावाचा, लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज देणारा आकडा काढला, १.३ च्या खाली आला, म्हणाले ठीक आहे. हा आकडा सेंटरला फुकटात छापता आला असता, सगळा माल त्यांच्याकडेच होता.

डाएट चार्ट म्हणजे तर कहर. किनोआ, ॲव्होकाडो, ब्ल्यूबेरी. मॅडम, मी शिफ्टला डबा नेतो, त्यात बाजरीची भाकरी आणि मेथी. ती चालेल का हे विचारलं तर म्हणाल्या चालेल, पण चार्ट छापील होता. शेवटच्या पानावर लिव्हर डिटॉक्स ज्यूस, महिन्याचा ११९९. घेतला नाही. वजन सात-आठ टक्के उतरवा, रात्रीचं कोल्ड्रिंक बंद करा, हे डॉक्टरांनी सांगितलं, त्याचे त्यांनी दोनशे घेतले. ब्लॅक कॉफी चालेल म्हणाले, लिव्हरला बरीच म्हणे.

माझी बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह आली. राहिलेली लस आता पूर्ण करतोय. पण डॉक्टरांनी रिपोर्टपेक्षा तात्यांच्या फाईलवर जास्त वेळ घालवला आणि म्हणाले, त्यांच्या सख्ख्या भावंडांची कधी केली का ही टेस्ट? सतरा वर्षांत कुणीच केली नव्हती. अण्णा, म्हणजे वडील, ७१ चे, ते तयारच होईनात, मला काय झालंय म्हणून. शेवटी आत्याला पुढे केलं. आत्या नाशिक रोडला राहते, ६६ वर्षांची, बहिणीने केली म्हणल्यावर अण्णांनी पण बाही वर केली.

अण्णा निगेटिव्ह. आत्या पॉझिटिव्ह.

आत्याचं एसजीपीटी नॉर्मल होतं, वजन पंचेचाळीस किलो, शुगर नाही, दारूचा प्रश्नच नाही. म्हणजे त्या एक पानी फॉर्मवर आत्याचे सगळे कॉलम निरोगी. ३४९९ भरले असते तर हिरवा शिक्का घेऊन घरी आली असती. सरकारी दवाखान्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट, झाली, गोळी चालू झाली, फुकट, रांग मात्र मोठी आहे, सकाळी आठला जाऊन बाकडं पकडावं लागतं आणि केसपेपर घरी विसरला की परत पहिल्यापासून. सोनोग्राफीत सध्या काही नाही. दोन्ही आतेभावांची टेस्ट झाली, मोठा निगेटिव्ह, धाकट्याची या आठवड्यात येईल. आत्याने ऐकल्यावर पहिलं काय विचारलं असेल? तर म्हणाली, मग हे वहिनीला सांग आधी, तात्यांनी घेतली नव्हती म्हणून. काकूला फोन लावून दिला. दोघी अर्धा तास बोलल्या, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

माझ्या लेकीचं लसीचं कार्ड काढून बघितलं, जन्माच्या दिवशीच हिपॅटायटिस बीचा शिक्का आहे. तेव्हा आम्ही कुणी लक्षसुद्धा दिलं नव्हतं, नर्सने टोचली आणि पोरगी रडली एवढंच.

तर रेटिंग पाचपैकी तीन. एक फायब्रोस्कॅनवाल्या ताईंचा, एक वेळेत शटर उघडल्याचा, एक मशीनचा. सेंटरला मी मेल टाकलाय की फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवा आणि एएफपी काढून त्या जागी एचबीएसएजी टाका, खर्च साधारण तेवढाच पडतो. 'युवर फीडबॅक इज व्हॅल्युएबल' असं मराठी अक्षरात उत्तर आलंय. तोपर्यंत जाणार असाल तर काउंटरवर ती टेस्ट वेगळी मागून घ्या, ऑपरेशन आहे का विचारतील, नाही म्हणून सांगा. पार्किंग नाहीये, बाइक समोरच्या मेडिकलपुढे लावू नका, तो हवा सोडतो.